शेपटीजवळचं इंजिन

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणपतीची आरास पुरुषांनी करायची आणि मोदक बायकांनी वळायचे, असा नियम होता. कुणी केला होता देव जाणे. मी ठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन नारळ खवायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ऑफिसात एका परदेशी मासिकात मी बिझनेस जेट पाहिलं आणि वेडीच झाले. मधल्या आकाराचं. आठ माणसं ऐसपैस बसतील, उंच माणूस आत ताठ उभा राहील, बस्स. निमुळतं नाक, लंबगोल खिडक्या, आणि इंजिनं पंखांखाली न लटकवता मागे शेपटीजवळ अंगाला चिकटवलेली. कुठे एक रेघ जास्तीची नाही. मी नकाशा काढला आणि थेट समितीच्या बैठकीत नेला. यंदा आरास हीच, आणि ती मीच करणार.

सेक्रेटरीकाकांनी कागद उलटसुलट फिरवला. "अगं, इंजिन कधी मागे असतं का? लोक हसतील आपल्याला."

"मागे असलं की आत आवाज कमी येतो, काका."

"बरं, कर. पण नाव समितीचं हां."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधी विमान उभं राहू दे.

थर्माकोलचं विमान झकास जमलं. घोळ घातला तो मुहूर्ताने. गुरुजी लवकर आले, घाईघाईत चौरंग भलत्याच जागी मांडला, प्राणप्रतिष्ठा झाली. मग आम्ही मागून विमान पुढे सरकवलं, तर पंख थेट बाप्पाच्या सोंडेसमोर! आता विसर्जनापर्यंत मूर्ती तसूभरही हलवायची नाही. काका करवत घेऊनच आले. "अर्धा पंख उडवू. कुणाला कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. "हात लावायचा नाही! मूर्ती हलत नाही ना? मग विमान वळवू."

"तिरकं दिसेल गं."

"दिसू दे."

सगळ्यांना कामाला लावलं. शेपूट कोपऱ्यात गेली, नाक फाटकाकडे आलं, पंख सोंडेसमोरून हटून चौरंगामागे गेला. बाप्पा बरोबर विमानाच्या पायऱ्यांपाशी आला, नुकताच उतरल्यासारखा.

संध्याकाळी बघायला गर्दी लोटली, पार शहाडहून पाहुणे आले. मी प्रसादाचं ताट घेऊन पडद्याआड उभी होते. काका छाती पुढे काढून सांगत होते, "मागे असलं की आत आवाज कमी येतो. आमच्या समितीचं डिझाइन!" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, "आणि शेपटीचा आडवा पंख एवढा वर का हो?"

काका मान उंच करून शेपटीकडे बघू लागले.

मी पडदा सारला, मोदकांचं ताट काकांच्या हातात दिलं आणि पुढे झाले. "इंजिनांचा झोत त्याच्यावर येऊ नये म्हणून. नकाशा मी काढलाय. या, जवळून दाखवते."