पिवळ्या साळकाचं मूळ

१९८४ साल. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी पाण्यातलं पिवळं साळक, म्हणजे कमळासारखं फूलझाड, मुळासकट हवं होतं, म्हणून मसुऱ्याजवळच्या एका तळ्यावर गेलो. देवीसाठी फुलं काढणारी एक म्हातारी कमरभर पाण्यात उभी होती. पायाच्या बोटांत देठ धरून ती तो तळाशीच अलगद खुडायची.

"काकी, माका मुळासकट व्हया. परीक्षा आसा."

"रे झिला, परीक्षा तुझी, तळ्याची नाय!" ती हसली आणि लांब देठाचं टपोरं फूल तिने माझ्या हातात ठेवलं. "मूळ नेलंस तर पुढच्या वर्षी देवीक तुझो कागद वाहू काय?"

"मूळ कुठंय?" परीक्षकांनी विचारलं.

"तळ्यात," मी म्हणालो.

माझ्या पदवीत तेवढे मार्क कमी आहेत. मी ते कुणापासून लपवत नाही.