कानाखालचं कोड

अकरावीला आईबाबांनी मला पांढुर्ण्याला मामाकडे ठेवलं. आमचं घर सौंसरला. बाबा तिथे नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. मामाच्या घराजवळ विज्ञानाची चांगली शिकवणी होती, आणि मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामी म्हणाली, "पोरगी राहीन तर मलेही सोबत होईन." एक बॅग, एक सायकल आणि तीन स्कार्फ घेऊन मी गेले.

आमच्याकडे उन्हात सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात, त्यामुळे कोणी विचारत नसे. बाकीच्या वर्गात शिरल्या की सोडायच्या. मी फक्त तोंडावरचा भाग खाली घ्यायची, मान झाकलेलीच ठेवायची. डाव्या कानाखाली माझ्या मानेवर कोड होतं. आठवीत मसुराच्या दाण्याएवढं दिसलेलं ते अकरावीपर्यंत संत्र्याच्या फोडीएवढं झालं होतं. आई नागपूरहून आणलेलं मलम लावायची आणि प्रत्येक वेळी बजावायची, "कोणाले सांगू नको. उद्या लग्नाचं पाहा लागते." पहिल्यांदा बजावलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

शिकवणीत माझ्या शेजारी बसणारी मुलगी मोठ्याने हसायची. तिच्या घरचे संत्र्याचे बगिचे होते. दोन-तीन महिन्यांनी, स्टेशनबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर भेळ खाता खाता तिने मला सांगितलं की ती दहावीत एकदा नापास झाली होती. वर्गात सगळ्यांना तिने आजारपणामुळे वर्ष गेल्याचं सांगितलं होतं. "तुलेच सांगून राहिली," ती म्हणाली. मग मी स्कार्फ थोडा सरकवून तिला मान दाखवली. तिने बोट लावून पाहिलं.

"दुखते का?"

"नाई."

"मंग काय."

एवढंच बोलली. त्या दिवसापासून आम्ही जिवलग झालो.

एक मुलगा होता, त्याच शिकवणीतला. फिजिक्समध्ये हुशार, अंगाने बारीक, वडलांचं खताचं दुकान. आधी माझी वही मागितली, मग नंबर. समोर वऱ्हाडीत बोलायचा आणि मेसेज हिंदीत लिहायचा, कारण आमचा भाग मध्य प्रदेशातला, शाळा आम्हा सगळ्यांची हिंदीतली. कोणीतरी आपल्यासाठी सायकल मुद्दाम हळू चालवतं, याचं मला इतकं अप्रूप होतं की मी आरशासमोर उभी राहून स्वतःलाच विचारायची, याला माझ्यात काय दिसलं असेल. आणि लगेच वाटायचं, एक दिवस याला ते दिसेल आणि सगळं संपेल.

दिवाळीनंतर एका दुपारी शिकवणीच्या मागच्या गल्लीत तो म्हणाला, "मले माहीत आहे. कानाखालचं."

मी स्कार्फ कानापर्यंत ओढला.

"मले फरक नाई पडत. तरी बी मी तुह्यासोबत आहो."

मी रडले. याच्याहून मोठ्या मनाचं माणूस जगात नसेल, असं मला वाटलं.

पुढचं सगळं त्या "तरी बी" वर उभं राहिलं. आधी तो मी घरी पोचल्याचा फोटो मागायचा. मग बाजारात असले तर बाजाराचा. मग फोनचा पासवर्ड मागितला. खिडकीजवळ बसू नको, अमक्याशी बोलू नको. मी कुरकुर केली की तो ओरडायचा नाही, शांतपणे म्हणायचा, "दुसरा कोणी असता तर पलटून बी पाहलं नसतं." हे ऐकलं की तो म्हणेल तसं मी करायची. तो खोटं बोलत नाही असंच मला वाटायचं. आईही दुसऱ्या शब्दांत तेच सांगत आली होती.

त्याला माझं गुपित कोणी सांगितलं, हे उघडच होतं. मी मैत्रिणीला काही विचारलंसुद्धा नाही. बाक बदलला. तिने दोनदा हाक मारली, मी वळले नाही. अशी मी स्वतःच्या हाताने एकटी झाले.

मामी विचारायची, "काय करून राहिली दिवसभर फोनवर?" मी म्हणायची, नोट्स. मामाला सांगितलं तर तो बाबांना सांगणार, बाबा मला सौंसरला परत नेणार, शिकवणी सुटणार. आईला सांगावं तर आधी हे कबूल करावं लागणार की एक मुलगा आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. मला यातून बाहेर पडायला एकही वाट दिसत नव्हती. महिन्यातून एकदा मी बसने सौंसरला जायची. मध्ये काही वेळ रेंज जायची. तेवढा वेळ मी डोळे मिटून बसायची. सौंसरच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत त्याच्या मेसेजांनी फोन हातात थरथरत असायचा.

बारावीच्या प्रीबोर्डच्या आधी त्याने मानेचा फोटो मागितला. स्कार्फशिवाय. "विश्वास असन तर पाठव." मी पाठवला. आठ दिवसांनी कशावरून तरी वाजलं तेव्हा तो हसत म्हणाला, "हा शिकवणीच्या ग्रुपवर गेला तर?"

मी शिकवणीला जाणं बंद केलं. पोट दुखतं म्हणून पडून राहिले. पाचव्या दिवशी मैत्रीण घरी आली. मामीने तिला आत पाठवलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "मीच सांगतलं त्याले."

"माहीत आहे."

"तो हसून राहिला होता तुह्यावर. म्हणे, मान धूत नसन, म्हणून झाकते. मले राग आला, सांगून टाकलं." मग ती म्हणाली, "अन् खरं सांगू, मले वाटलं तो मागं सरन. मले तो आवडत होता."

मला तिला हाकलून द्यायचं होतं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचंही होतं. दोन्ही केलं नाही. फोटोचं सांगितलं.

तिने माझा फोन उचलून पालथा ठेवला. मग म्हणाली, "त्यानं टाकला तर मी माहं नापास झाल्याचं त्याच ग्रुपवर टाकीन."

"त्यानं काय होईन?"

"काई नाई. पण तू एकटी नाई राहणार."

मामी चहा घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं, माहीत नाही. कप खाली ठेवून तिने हात पुढे केला. "फोन दे." मी त्याचा नंबर काढून दिला. तिने त्याला फोन लावला आणि बाजारभाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "मी तिची मामी बोलून राहिली. फोटो टाकाचा असन तर टाक. तुह्या आईले दाखवाले मी घरी येईन." पलीकडून फोन कट झाला. मामीने मला एकच गोष्ट विचारली, "इतके दिवस मले काऊन नाई सांगतलं?"

त्याने फोटो टाकला नाही, पण तोंडी सांगितलं. दोन दिवसांत वर्गाला कळलं. एका मुलीने माझ्या शेजारची जागा सोडली. मैत्रिणीने तिथे दप्तर ठेवलं आणि सगळ्यांसमोर आपलं दहावीचं सांगून टाकलं. कोणाला त्याचं विशेष काही वाटलं नाही, आणि याचंच तिला वाईट वाटलेलं मी पाहिलं. परीक्षेपर्यंत आम्ही शेजारी बसलो. पण आधीसारखं झालं नाही. आता ती वाढदिवसाला मेसेज करते, मीही करते.

मी सध्या नागपूरला नर्सिंग शिकते. गेल्या वर्षी पांढुर्णा स्टेशनवर तो दिसला. आईची पिशवी धरून उभा होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. एवढ्याशा पोराला आपण इतके घाबरत होतो, याचं मला नवल वाटलं. तरी गाडी आली तेव्हा मी तो चढला त्याच्या उलट्या टोकाच्या डब्यात चढले, आणि नागपूर येईपर्यंत पाणी प्यायलाही जागेवरून उठले नाही.