आधी कोण सोडणार

राणीसावरगावातल्या घरून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. शेजारणींना वाटतं, मी दिवसभर फोनवर भांडत असते. त्या हिवाळ्यात मात्र मी खरंच भांडत होते, माझ्याच प्रोग्रामशी.

त्यात दोन कामं एकाच वेळी चालायची. एक काम गोदामातल्या मालाची नोंद धरून ऑर्डरीच्या नोंदीची वाट बघायचं. दुसरं ऑर्डरीची नोंद धरून मालाच्या नोंदीची. दोन्ही जागच्या जागी थिजायची. बरं, मी बघत असताना एकदा घडेल तर शपथ! दवाखान्यात नेलं की लेकराचा ताप उतरतो, तसं. एकेक ओळ तपासावी, तर प्रत्येक ओळ सज्जन. अशी कामं एकत्र नांदवणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरापोरींना कुणी आळशी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

घरात तरी काय निराळं होतं? वाटण्या झाल्या तेव्हा विहीर माझे वडील, आप्पा, आणि धाकटे काका, दोघांत राहिली. मोटारीच्या पेटीची किल्ली आप्पांकडे, स्प्रिंकलरचे पाइप काकांकडे. दरवर्षी आधी एकाचा हरभरा भिजायचा, मग दुसऱ्याचा. यंदा काकांनी मुलीच्या साखरपुड्याचं आवतन सख्ख्या थोरल्या भावाला फोनवर दिलं. आप्पा गेले नाहीत, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

हरभऱ्याला घाटे धरलेले, जमिनीला भेगा पडायला लागलेल्या. एक पाणी चुकलं तर पीक हातचं जाणार, हे दोघांनाही कळत होतं. पण आप्पांचं एकच, "त्यानं पाइप आनून टाकावे, किल्ली देतो. मी काय न्हाई म्हनायलोय का?" काकांकडे जावं तर तेच, फक्त किल्ली आधी. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांची कीवही.

शेवटी एकदाचा प्रोग्राम सुटला. चहा पिताना मी आप्पांना सांगितलं, "दोन्ही कामांना नेम घालून दिला. आधी मालाची नोंद धरायची, मगच ऑर्डरीची. पहिली मिळाली नाही तर दुसरीला हात लावायचा नाही, रिकाम्या हातानं थांबायचं."

"आन् ऐकली दोघं?"

"ऐकतात की. त्यांना मानपान नसतो, आप्पा."

आप्पांनी बशी खाली ठेवली.

दुपारी ते घरात दिसेनात. खुंटीवरची किल्लीही नव्हती. मी शेताकडे धावले, तर आमच्या हरभऱ्यात पाइप जोडून तयार, आणि कुलूप लावलेल्या पेटीपाशी काका उभे.

"लाईट आलीय," ते खाली बघतच म्हणाले. "तुमचा हरभरा लय सुकायलाय. दादा कुठं हाय?"

मी काकूंना फोन लावला. आप्पा काकांच्याच ओसरीवर, किल्ली घेऊन त्यांची वाट बघत बसले होते.

ते ऐकून काका आधी हसले, मग तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

"थांबा काका, फोनवरच सांगते त्यांना, इकडं या म्हणून."

काकांनी माझा हात धरला.

"फोन नको, माय. मीच जातो बोलवायला."