नळीवरचे दोन दोरे

कराचीला पत्र पोचायला आठ दिवस लागले. मेहुण्याने घरची खुशाली लिहून शेवटच्या ओळीत कळवलं होतं, कर्जतच्या दवाखान्यातले हसनभाई कंपाउंडर गेले. बंदरावर माल उतरत होता. मी तसाच पोत्यांवर बसून राहिलो...

माणूस भेटला की रामराम-सलामाच्या आधी हसनभाई त्याची खालची पापणी ओढून आत बघत. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बायकोची, यमुनेची, पापणी बघितली, मग दुसरीही. आम्ही पळसदरीहून चालत आलो होतो. तिला पाचवा महिना, अधूनमधून थंडीताप, चार पावलांवर धाप. पापणी आतून पिठासारखी पांढरी. डॉक्टरांना विचारून त्यांनी सुई काढली तसा मी आडवा आलो. "आधीच रगत कमी, त्यात तुमी काढताय?"

"केस कापले म्हणून टक्कल पडतं काय रं?"

"रगत माजं," यमुना म्हणाली, "आनि घाम तुमाला!"

बारीक काचेच्या नळीत त्यांनी रक्त थिजू नये म्हणून चिमूटभर पूड घातली, त्यावर तिचं रक्त. दुसऱ्या नळीत तेवढंच रक्त डॉक्टरांकरवी स्वतःच्या दंडातून काढवलं. दोन्ही नळ्या उभ्या ठेवून आम्हाला बाकावर बसवलं. मी चौथीतून शाळा सोडलेला. रक्त म्हणजे लाल पाणी, एवढंच ठाऊक. दुपारी बघतो तर लाल सगळं खाली बसलेलं, वर पिवळसर पाणी, आणि मध्ये केसाएवढी पांढरी रेघ! भीती विसरून मी विचारतच सुटलो.

"वरचं पाणी अन्नाचा रस अंगभर फिरवतं. लाल कण हमाल, श्वासातली हवा वाहतात. ही पांढरी रेघ रोगाशी भांडते. दिसते एवढीशी, आमच्या घरवालीसारखी."

त्यांच्या नळीत लाल जवळजवळ निम्म्यापर्यंत होतं. यमुनेच्या नळीत तळाशी, जेमतेम त्याच्या निम्मं. हसनभाईंचा आवाज उतरला. "हमालच नायत, हवा नेणार कोण? बाळंतपणात रगत जातंच. तेवढं घालवायला हिच्याकडं नाय." त्या लाल कडेवर त्यांनी तिच्या नळीला काळा दोरा बांधला.

मग थंडीतापावर कोयनेल, लोहाचं औषध, आणि दर महिन्याला तीच धुतलेली नळी. मी वाटभर देवाचं नाव घेत जायचो आणि नळीसमोर डोळे मिटायचो. नवव्या महिन्यात हसनभाईंनी दुसरा दोरा बांधला, बोटभर वर. बाळंतपणात रक्त पुष्कळ गेलं, तरी यमुना राहिली. मुलगाही.

बायकोमुलाला घेऊन कराचीला बंदरावरच्या कामाला निघालो तेव्हा स्टेशनवर येऊन त्यांनी ती नळी माझ्या हातात दिली आणि माझीच पापणी ओढली. "झकास हाय. भ्यायला काय झालं रं?" तिथून मी त्यांना एकदाही लिहिलं नाही. अक्षर चुकेल, हसतील, म्हणून.

पत्र आलं त्या संध्याकाळी यमुनेने कोनाड्यातली नळी पुसून पुन्हा उभी ठेवली. मग माझ्यासमोर बसून माझी पापणी खाली ओढली.

"लाल हाय."

"रडून लाल झालीय," मी म्हणालो.

तिने दुसरीही बघितली.