नाव कळलं, अर्थ सांगा

एकदा हातात हात घेतला की साहेब तो सोडायचा नाही. समोरचा माणूस अवघडून आधी हाताकडे बघायचा, मग माझ्याकडे. साहेब मात्र निळे डोळे त्याच्यावर रोखून शांत उभा. "नाव कळलं," तो म्हणायचा, "अर्थ?" आडनावाचा अर्थ सांगितल्याशिवाय सुटका नाही. त्याला आलेलं हे पहिलं मराठी, आणि ते मीच शिकवलेलं. त्यामुळे पुढच्या सगळ्या भानगडींचा धनीही मीच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पुणतांब्याच्या बाजूला गोदावरीकाठी आमचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. मशिनरी झेकोस्लोव्हाकियातून आलेली, आणि ती बसवायला हा इंजिनियर. पन्नाशीचा, ताडमाड, आमच्या उन्हानं लालबुंद झालेला. मी नगरहून आलेला ड्राफ्ट्समन. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून मला त्याच्या गळ्यात बांधलं. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं निघालं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. सगळे त्याला झेकसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

पहिला बळी मीच. कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर लिहिणारा, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. "पिसार्झ! आमच्याकडे पिसार्झ. तोच धंदा." तेव्हापासून मी पिसार्झ. वाघ आणि लांडगे भेटले तेव्हा तो म्हणाला, लांडगा आमच्याकडेही आहे, ससा, बोकड, कबुतर आहे, वाघ मात्र नाही. स्टोअरमधले दहातोंडे भेटले. दहा तोंडांचा माणूस ऐकून तो गंभीर झाला. "आमच्या गावात एक घर आहे, नेयेदली. अर्थ, 'न जेवलेला'. या दोघांना एका टेबलावर बसवायला नको."

आणि एके दिवशी बॉयलरवर नेमलेल्या माणसाचा हात त्यानं धरला. त्याचं आडनाव आगलावे. मी अर्थ सांगितला आणि साहेब बॉयलरच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. बिचारे आगलावे हात तसाच पुढे धरून उभे.

पण ही चेष्टा नव्हती, मंडळी. हसून झालं की तो डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि सांगू लागायचा. त्यांच्याकडे म्हणे सबंध आडनावच एखादी घडलेली गोष्ट असते. नावरातिल म्हणजे 'तो परत आला'. पोस्पिशिल म्हणजे 'त्यानं घाई केली'. कधीकाळी कुणी लढाईवरून घरी परतला असेल, कुणी घाईघाईत लग्नाआधीच वरात काढली असेल. गावानं नाव ठेवलं. पुढे बादशहाचा हुकूम निघाला, की आता ज्याचं जे आडनाव असेल ते कायम. झालं! एका माणसाची एका दिवसाची घाई पणतूच्या पणतूच्या माथी बसली.

मी तोवर आडनाव म्हणजे मस्टरवर हजेरी मांडायची सोय समजत होतो. त्या दिवशी मस्टर उघडलं आणि चक्क अंगावर काटा आला. एकेका ओळीत कुणीतरी उभं होतं. सातपुत्यांच्या त्या कोण जाणे कुठल्या आजीनं खरंच सात पोरं वाढवली असतील! तिचं नाव कुणालाच माहीत नाही, पण पोरं अजून हजेरी लावतायत.

एकदा मी विचारलं, तुमच्याकडे सगळ्यांत जास्त आढळणारी आडनावं कुठली? "नोव्हाक," तो म्हणाला, "गावात नवा आलेला. आणि स्वोबोदा. अर्थ, स्वातंत्र्य. आमच्या टेलिफोनच्या पुस्तकात स्वातंत्र्य पानंच्या पानं आहे." मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, "पुस्तकात." त्यांच्या देशात तीन-चार वर्षांपूर्वी परक्या फौजेचे रणगाडे येऊन बसले होते, हे आम्ही पेपरात वाचलं होतं.

आता रंगनाथचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. रंगनाथ शेळके ऊस गाळायच्या मिल हाउसला फिटर होता आणि साहेबाचा फार लाडका. मूळचा जामखेडकडचा, कोरड्या मुलखातला. कारखान्याशेजारी शेती असलेल्या आबा गाडे यांना एकच मुलगी, सखू. आबांनी तिच्यासाठी रंगनाथला घरजावई करून आणलं. आपल्याकडे घरजावई या शब्दाला काय वास असतो ते तुम्हाला सांगायला नको. गावात त्याला नाव नव्हतंच. 'गाड्यांचा जावई' एवढंच. पारावर कुणीतरी फिसकन हसायचं, "सासऱ्याची भाकर गोड लागती का रं?" म्हणून तर त्यानं कारखान्यात नोकरी धरली. पाळी संपली की वस्तीवर जाऊन उसाला पाणी द्यायचा, मोटर सांभाळायचा, आबांचे गुडघे शेकायचा, आणि तरी ऐकून घ्यायचा. शेवटी त्यानं कारखान्याच्या कॉलनीत खोली मागितली. ती मिळालीही. बॉयलर पेटला की बिऱ्हाड हलवायचं ठरलं. सखू चुलीपुढं बसून रडत होती. आबा तोंडानं काही बोलत नव्हते, पण त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं होतं.

साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एकदा वस्तीवर जेवायला गेला, माझ्याबरोबर. बांधावरून जाताना त्यानं विचारलं, या जागेला काय म्हणतात? म्हटलं, गाडे वस्ती. गाडे राहतात म्हणून. तो थबकलाच. "घराला नाव! आमच्यासारखं!" जेवताना तो आबांकडे पाहत होता, रंगनाथकडे पाहत होता. रंगनाथनं आबांना भाकरी कुस्करून दिली, तेही त्यानं पाहिलं. परतताना तो काहीतरी मनाशी जुळवत होता.

मग अग्निप्रदीपनाचा दिवस आला. नवा बॉयलर पेटवताना एका जोडप्यानं पूजेला बसायचं, ही आपल्या कारखान्यांची रीत. चेअरमनसाहेब मोठ्या मनाचे. म्हणाले, जोडपं कामगारांतलं असू दे, आणि ते झेकसाहेबांनी निवडावं. साहेबानं रंगनाथ-सखूकडे बोट दाखवलं. सगळं गाव जमलेलं, कर्णे लावलेले. सखू नवं लुगडं नेसून पाटावर बसली. आबा खुर्चीत. भटजींनी संकल्पासाठी विचारलं, "यजमानांचं नाव?"

रंगनाथ तोंड उघडायच्या आत साहेब माईकपुढे वाकला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "रंगनाथ गाडे!"

मग मागून हशाची अशी लाट आली की काय सांगू! कुणीतरी ओरडलं, "घ्या, सायबानं बी बारसं केलं!" रंगनाथ उठला. हातातल्या अक्षता त्यानं ताम्हणात परत ठेवल्या आणि मला म्हणाला, "कुलकर्णीसाहेब, बिऱ्हाड उद्या न्हाई, आजच हालवतो." सखूनं त्याच्या उपरण्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

साहेब पांढराफटक पडला. "पिसार्झ, मी काय केलं?" मी दोन वाक्यांत सांगितलं. मग त्यानं टोपी काढली, रंगनाथच्या समोर उभा राहिला आणि बोलू लागला. मी जसं जमेल तसं मराठीत सांगत गेलो.

"माझ्या प्रांतात घराला नाव असतं. जो त्या घराची चूल आणि शेत सांभाळतो, त्याला ते नाव मिळतं. आडनावं कायम व्हायच्या आधी माझा एक पूर्वज एका शेतावर गडी म्हणून आला, खांद्यावर एक गाठोडं घेऊन. मालक वारला. मालकिणीनं याच्याशी लग्न केलं. त्या दिवशी त्याचं जुनं आडनाव गेलं आणि शेताचं लागलं. जुनं काय होतं, आमच्यात कुणालाही माहीत नाही. मी लावतो ते आडनाव माझ्या रक्ताचं नाही, त्या घराचं आहे. ते मिळणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यांत मोठा मान. मी तुला तोच मान देत होतो. तुझ्याकडे तो अपमान आहे, हे मला कळलं नाही."

कुणी हसलं नाही. रंगनाथ खाली मान घालून म्हणाला, "सायेब, तुमी मनानं चांगलं केलं. पर माजा बाप तिकडं जामखेडला दगडं फोडतोय. त्येचं नाव मी न्हाई पुसनार."

तेव्हा आबा गाडे खुर्चीतून उठले. गुडघे साथ देत नव्हते, पण उठले. "का पुसावं त्येनं?" त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "हिर म्या खांदली, पर ह्या दुस्काळात तिचं पानी राखलं कुनी? भटजी, म्हना तुमी. रंगनाथ शेळके. ऱ्हानार शेळके वस्ती."

भटजी चाचरले. "आबा, वस्ती तर गाड्यांची."

"कालपत्तुर हुती," आबा म्हणाले.

रंगनाथ तिथंच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. पूजा झाली, बॉयलर पेटला. साहेब मला बाजूला घेऊन म्हातारा काय म्हणाला ते पुन्हा पुन्हा विचारत होता. "आमच्याकडे माणूस घराचं नाव घेतो," तो शेवटी म्हणाला. "घरानं माणसाचं नाव घेतलेलं मी अजून ऐकलं नव्हतं." आणि रंगनाथकडून कॉलनीच्या खोलीची किल्ली घेऊन त्यानं ती स्वतः ऑफिसात परत दिली.

हंगाम सुरळीत लागला तसा साहेब निघाला. पुणतांब्याच्या स्टेशनवर आम्ही त्याला पोचवायला गेलो. रंगनाथनं आबांना बैलगाडीतून आणलं होतं. आबांनी विचारलं, "सायेब, तुमचं त्ये शेत हाय ना आजून?"

मी भाषांतर केलं. शेत सरकारनं घेतलं, साहेब म्हणाला. घर पाडून तिथं गोठा केला. भाऊ लढाईत गेला. बायको आहे, मूल नाही. "ते नाव आता माझ्यापाशी संपतं."

मी तेही मराठीत सांगितलं. आबांनी साहेबाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मंग सांगा बरं त्ये नाव. हळू सांगा. मला पाठ करायचंय."

साहेबानं सांगितलं. आबा चुकले. पुन्हा सांगितलं. गाडी आली, सामान चढलं, गार्डानं शिट्टी दिली, तरी साहेब खिडकीतून एकेक अक्षर सोडवून सांगत होता आणि आबा, ज्यांना स्वतःची सही येत नव्हती, ओठ हलवत ते गिरवत होते. गाडी हलली तेव्हा त्यांना ते बरोबर आलं. साहेबानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काही वर्षांनी मशिनरीचे पार्ट घेऊन आलेल्या दुसऱ्या एका झेक माणसाकडून साहेब वारल्याचं कळलं. पुढे आबाही गेले. शेळके वस्तीवर सर्वपित्री अमावास्येला रंगनाथ नैवेद्याचं पान वाढतो, तेव्हा मी बहुतेक तिथं असतो. तो आधी बापाचं नाव घेतो. मग आबांचं. मग पानाशी थोडं वाकून, आबांनी जावयाकडून घोकून घेतलेलं साहेबाचं ते परक्या मुलखातलं नाव, अगदी स्पष्ट.