फुरसं लागलं

"काय चावलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"फुरसं," रोहन म्हणाला. "फुरसं चावलं यांना. कोकणात. सकाळी."

मी रोहनच्या मागे उभी होते. सुखदेव काकांच्या चपला माझ्या हातात होत्या. त्या कुठे ठेवायच्या ते मला सुचत नव्हतं.

पुण्यातल्या वारज्याचा तो दवाखाना लहान होता. चांदणी चौकातून खाली उतरल्यावर पहिला दिसला म्हणून रोहनने गाडी तिथंच आत घातली. काका पलंगावर पडले होते. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजला होता. कपाळावर घाम होता. तोंडातून आवाज नव्हता.

"सकाळी चावलं आणि आता आणताय?" डॉक्टर सलोनी माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. "फुरसं म्हणजे साप आहे हे माहीत आहे ना? वाटेत मिसळ खायला थांबला होतात का?"

आम्ही थांबलो नव्हतो. आम्हाला ताम्हिणी घाट चढेपर्यंत काही माहीतच नव्हतं. काका म्हणाले होते, काटा लागला.

सुखदेव गजघाटे माझे मित्र आहेत. ते साठी ओलांडलेले, मी चोवीसची. सोसायटीत हे सांगितलं की लोक हसतात. मी मराठीत एम. ए. केलं आणि एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन मुलाच्या, म्हणजे रोहनच्या, फ्लॅटमध्ये राहायला आले. खाली बाकावर पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसायचे. एकदा मला थांबवून म्हणाले, "तुम्ही मराठीच्या ना? मग हे उभं सात सांगा." मला आलं नाही. त्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याशेजारी बसायला लागले.

त्यांचं गाव वर्ध्याकडचं. वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. मुलांना शिकवायचं एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. काका आयटीआय करून खडकीला लागले आणि सगळी नोकरी दारू भरण्याच्या विभागात झाली. कामावर जाताना खिसे रिकामे करायचे. काडेपेटी नाही, नाणी नाहीत, बुटाला खिळा नाही. "तिथं घाबरायचं नाही असं नसतं," ते मला म्हणाले होते. "घाबरायचं. पण हात हलू द्यायचा नाही." ही सवय घरीही आली. त्यांच्या पत्नी हिरा काकू म्हणायच्या, "ह्यांच्या पोटात जाळ झाला तरी म्हणतील, थोडं गरम वाटतंय."

समुद्र त्यांनी पाहिलेला होता. सहा डिसेंबरला ते दरवर्षी चैत्यभूमीला जात. पण त्या गर्दीत त्यांनी कधी पाण्यात पाय घातला नव्हता. या वेळी रोहनने कोकणात एका घरगुती निवासात दोन दिवस जायचं ठरवलं. गाडीत एक जागा रिकामी होती. काका म्हणाले, चैतालीला घ्या, कोडं सोडवायला कोणीतरी पाहिजे.

निघायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. लांबलचक जाळं, दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून मागे चालतात. काका बघत उभे राहिले. मग पँट वर दुमडून, चपला माझ्याकडे देऊन दोराला लागले. तिथून सुरूच्या बनातून अनवाणीच परत आले. जरा लंगडत होते. "काटा लागला," म्हणाले. आम्ही गाडीत बसलो. घराच्या मालकीणबाई सुशीलाबाई पडवीतून काहीतरी ओरडल्या. त्यातलं मला एवढंच नीट ऐकू आलं: "काकांना फुरसं लागलं असेल हो!" पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. त्या हसत होत्या, म्हणून मी हात हलवला.

घाटात काकूंनी त्यांचा पाय पाहिला. मग रोहनने विचारलं, "त्या बाई फुरसं म्हणाल्या का?" मी हो म्हणाले. त्याने गाडीचा वेग वाढवला.

डॉक्टर सलोनींनी पाय पाहिला. दोन दातांच्या खुणा दिसत नव्हत्या. एकच छिद्र होतं, तेही सुजेत बुजलेलं. "फुरसं कधी कधी एकाच दाताने चावतं," त्या म्हणाल्या. मग काकांच्या हातातून थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घेतलं आणि टेबलावर उभं ठेवलं. "वीस मिनिटं कोणी हात लावू नका. गोठलं तर बरं. नाही गोठलं तर विष आहे."

आम्ही त्या नळीकडे बघत बसलो.

"काका, दुखतंय किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे थोडं."

"त्याला काय विचारता!" हिरा काकू एकदम म्हणाल्या. एरवी त्या कधीच नवऱ्याला अरेतुरे करत नाहीत. "काहून सांगितलं नाही तुम्ही? गाडीत बसल्यावर तरी सांगायचं होतं!"

"तुम्ही घाबरला असता."

"आता काय करून राहिलो मग आम्ही?"

वीस मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी नळी हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला सरकलं.

रोहनने डोळे मिटले. डॉक्टरांनी नर्सला सापाच्या विषावरचं औषध काढायला सांगितलं. तेव्हा काकू उठून मध्ये उभ्या राहिल्या.

"ते देऊ नका."

"काय?"

"लहानपणी ह्यांना घोणस चावली होती. कापसाच्या वावरात. तेव्हा ते औषध दिलं. साप राहिला बाजूला, औषधानंच जात होते. अंगभर गांधी आल्या, श्वास बंद झाला. डॉक्टरांनी सासऱ्यांना सांगितलं होतं, ह्याला पुन्हा कधी हे देऊ नका."

"कागद आहे?"

"कागद कुठला बाई! सासरे नाहीत आता. मला लग्नात सांगितलं त्यांनी."

डॉक्टर काकांकडे वळल्या. काकांनी मान हलवली. खरं आहे.

"आणि रोजची काही औषधं?"

"हृदयाची झडप बदललेली आहे," रोहन म्हणाला. "रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे."

डॉक्टर सलोनींनी नळीकडे पाहिलं. "हे आधी सांगायचं ना. मग रक्त गोळीमुळेही गोठत नसेल. किंवा विषामुळे. या नळीवरून मला काहीच कळत नाही." त्यांनी दुसरं रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं. तिकडून उत्तर यायला वेळ लागणार होता. "साप असेल तर मला वेळ नाही. साप नसेल तर मी यांना उगाच मारीन. नक्की काय चावलं ते सांगा."

मला तेव्हा एक गोष्ट दिसली. ती मला फार मोठी वाटली.

"डॉक्टर, त्या बाई चावलं म्हणाल्या नाहीत. लागलं म्हणाल्या. साप चावतो. काटा लागतो. लागलं म्हणजे तो साप नसेल. काटा असलेलं काहीतरी असेल."

"तुम्ही कोण?"

"मी... मराठी घेऊन एम. ए. केलंय."

"छान. मग क्रियापद बघून औषध बदलू मी? विंचूसुद्धा चावतो म्हणतो आपण. त्याचे दात बघितलेत कधी?"

"पण साप लागला असं कोणी म्हणत नाही."

"म्हणतात," हिरा काकू म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. पान लागलं म्हणतात."

हे मलाही माहीत होतं. पान लागणे. शिकताना वाचलं होतं, अर्थासकट. त्या क्षणी ते आठवलं नव्हतं. मी चपला खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकले. माझ्याकडे तेवढं एकच होतं आणि ते गेलं.

"त्या बाईंना फोन लावा," डॉक्टर म्हणाल्या. "व्याकरण नंतर."

रोहन फोन लावत होता. घंटा वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. डॉक्टर कोपऱ्यात जाऊन आपल्या वरिष्ठांशी बोलत होत्या. नर्सने औषधाच्या कुप्या मांडून ठेवल्या. काकांनी चादर मुठीत धरली होती. हात हलत नव्हता, पण बोटं पांढरी झाली होती.

काका वाळूत अनवाणी होते, तेवढंच धरून मी फोनवर शोधत होते. वाळूतला विषारी मासा. पहिला जो आला तो युरोपातला. वीव्हर नावाचा. किनाऱ्याच्या वाळूत पुरून बसतो, पाठीवर विषारी काटे. आपल्या समुद्रात तो नसतो. पण खाली त्याच्या नावाबद्दल एक ओळ होती. ते नाव जुन्या फ्रेंच भाषेतून आलं आहे आणि तिकडे त्या शब्दाचा अर्थ विषारी साप असा आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तिकडच्या कोळ्यांनी माशाला सापाचं नाव दिलं होतं. म्हणजे असं होतं. माणसं असं करतात. पण आपल्याकडे केलं असेल का, हे त्या ओळीत नव्हतं. मी ती डॉक्टरांना दाखवली नाही. पुन्हा काही बोलायची भीती वाटत होती.

रोहनचा फोन वाजला. सुशीलाबाई. त्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"अहो, बाजारात होते मी. किती वेळा फोन केलात! काही विसरलंत का?"

"सुशीलाबाई, फुरसं म्हणजे काय?" रोहन जवळजवळ ओरडला.

"फुरसं म्हणजे... अहो, मासा तो! मी ओरडले नाही का, गरम पाण्यात पाय ठेवा म्हणून? तुमची गाडी काय थांबते!"

डॉक्टर फोनजवळ आल्या. "मी डॉक्टर बोलतेय. माशाला फुरसं कसं म्हणाल? फुरसं साप असतो."

"तो पण असतो की. हा वाळूतला. डोकं चपटं, डोळे वर आकाशाकडे. वाळूत बुडून बसतो. डोळे तेवढे बाहेर, तेही दिसले तर."

"पण नाव सापाचं का?"

"आमच्या मामंजींनी ठेवलंन ते. म्हणजे ठेवलं नाही, पडलं. त्यांनी पाय टाकलान त्याच्यावर आणि ओरडले, फुरसं, फुरसं! अर्धी वाडी जमली. सासूबाई रडायला लागल्या. भाऊबंदांना निरोप गेला. आणि संध्याकाळी मामंजी उठून म्हणतात, जेवायला काय आहे? तेव्हापासून आमच्या वाडीत त्याला फुरसंच म्हणतात. पलीकडच्या गावात काय म्हणतात ते नाही ठाऊक मला."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आज यांना तोच लागला हे नक्की?"



"ते मी कसं सांगू? मी बघितलं नाही हो. रापणीत दोन आले होते सकाळी, एवढं खरं. बनात साप असतात, ते पण खरं." मग त्यांचा आवाज बदलला. "बरे आहेत ना काका?"

डॉक्टरांनी काकांच्या पलंगाची कड धरली. "काका, आता नीट सांगा. थोडं, बरं, असं काही नको. पहिली कळ कुठे आली? पाण्यात, की झाडांत?"

काकांनी पायाकडे पाहिलं.

"दोर हातात होता तेव्हा," ते म्हणाले. "ओल्या वाळूत. फार जोरात आली. ओरडणार होतो. पण दोर सोडला असता तर मागचा माणूस पडला असता." मग थांबून म्हणाले, "फार दुखतंय हो डॉक्टर. सकाळपासून फार दुखतंय."

हिरा काकूंनी तोंडावर पदर धरला. इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य ऐकलं नसेल. मी तर नाहीच.

"द्या ना ते औषध," रोहन म्हणाला. "हळूहळू द्या. पप्पांना काही झालं तर?"

"आणि दिल्यावर झालं तर?" काकू म्हणाल्या.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "कुठून रक्त येत नाहीये. हिरड्या ठीक आहेत. कळ ओल्या वाळूत आली. वरिष्ठही म्हणतात, वाट बघा. कुप्या इथंच राहतील, मीही इथंच आहे. काका, तुमचं काय म्हणणं?"

"थांबू," काका म्हणाले.

नर्सने बादलीत गरम पाणी आणलं. डॉक्टरांनी आधी त्यांचा चांगला पाय त्यात घालायला लावला. "दुखऱ्या पायाला भाजलेलं कळणार नाही. याला सोसेल तेवढंच गरम." मग त्यांनी स्वतः खाली वाकून सुजलेला पाय पाण्यात ठेवला. "माशाचं विष असेल तर उष्णतेनं कळ उतरते. उशीर झालाय. बघू."

माझं लक्ष काकांच्या मुठीवर होतं. चादर तशीच घट्ट. रोहन दाराशी जाऊन परत येत होता. काकू ओठ हलवत होत्या, त्रिसरण म्हणत असाव्यात. साप असेल तर आपण इथं बादलीत पाय घालून वेळ घालवतोय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. माझा एक शब्द तिथे कामाला आला नव्हता. मला त्या वेळी लाज वाटली नाही, रागही आला नाही. फक्त ती मूठ दिसत होती.

प्रयोगशाळेतून निरोप आला. रक्ताचा आकडा गेल्या महिन्याच्या तपासणीत होता जवळपास तसाच होता. गोळीचा जेवढा परिणाम असायचा तेवढाच. डॉक्टर म्हणाल्या, हे चांगलं आहे, पण पुन्हा तपासू.

मग चादरीतून एक बोट सुटलं. नंतर दुसरं. काकांनी डोकं उशीवर टेकवलं आणि पहिल्यांदा लांब श्वास सोडला. "उतरतंय," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. "खरंच उतरतंय. पोटरीतून खाली आलं."

रोहन पलंगाजवळ येऊन उभा राहिला. रडत होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"पाणी गार झालं रे," ते कुरकुरले. "दुखायला लागलं परत. आण की लवकर."

रोहन बादली घेऊन पळाला.