रंगनाथरावांची अमेरिकन देशभक्ती

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले रंगनाथराव निवृत्तीनंतर चार महिने मुलाकडे अमेरिकेत राहिले आणि परतले ते तिथल्या देशभक्तिगीतांचे जाणकार होऊन. जुळे मनोरे पडल्यानंतरचा तो हिवाळा. तिथे मैदानात, शाळेत, चर्चमध्ये माणसं छातीवर हात ठेवून गात होती. रंगनाथरावांनी हे सगळं टीव्हीवर पाहिलं. सून त्यांना थंडीत बाहेर पडू देत नव्हती. पण सांगताना ते प्रत्येक मैदानात हजर असत.

"आपली गाणी म्हणजे नुसती रडगाणी," ते बायकोला ऐकवत. सगुणाबाई पोळ्या लाटत ऐकून घेत.

सगुणाबाईंनी २००२च्या पंधरा ऑगस्टसाठी स्वतः एक गाणं रचलं होतं. कॉलनीतल्या सहाजणी महिनाभर दुपारची झोप सोडून तालीम करत होत्या. आदल्या वर्षी पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि बायकांचं गाणं राहून गेलं. यंदा नवराच आडवा येईल असं सगुणाबाईंना वाटलं नव्हतं.

झेंडावंदनानंतर रंगनाथरावांना पाच मिनिटं दिली होती. त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या जन्मापासून, म्हणजे १८१४ सालापासून सुरुवात केली. इंग्रजांचा तोफखाना, किल्ल्यावर टिकलेला झेंडा, तो पाहून एका वकिलाने लिहिलेली कविता.

"आणि चाल कुणाची हो?" मागे गाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या चांगुणाने विचारलं.

"चाल... लंडनच्या एका क्लबातली."

"म्हणजे ज्यांच्याशी लढले त्यांचीच की!"

हशा पिकला. रंगनाथरावांनी तो कौतुकाचा समजून यादवी युद्ध सुरू केलं. पंचवीस मिनिटं झाली. आमच्याकडे जिलेबी वाटली की कार्यक्रम संपला, मग कुणी थांबत नाही. पहिल्या पाळीला कामावर जाणारे जिलेबीच्या टोपलीकडे सरकू लागले. सगुणाबाई रांगेतून निघाल्या आणि टोपलीच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आमचं गाणं झाल्याशिवाय जिलेबी मिळणार नाही."

"काका, आवरा!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

"अहो, अजून विसावं शतक राहिलंय!"

"ते घरी काकूंना सांगा!"

माइक सगुणाबाईंकडे आला. गाणं दोन्ही कडव्यांसकट झालं. शेवटी लोक उठून उभे राहिले आणि जिलेबी विसरून टाळ्या वाजवत राहिले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "कार्यक्रम उत्तम झाला, किशोर. सगळे उठून उभे राहिले होते," रंगनाथरावांनी सांगितलं.

कुणासाठी, ते सगुणाबाईंनी रिसीव्हर हिसकावून घेऊन सांगितलं.